सात सीटची गाडी, सात माणसांची टेस्ट ड्राइव्ह

सात सीटची गाडी घेणार असाल तर सात माणसं बसवूनच ती चालवून बघा. शोरूमवाले नाही म्हणाले तरी मागे हटू नका. एवढ्याशा मागणीसाठी मला जे झगडावं लागलं ते आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून लिहिते आहे.

आम्ही साताऱ्याचे. सासूबाई, दीर, जाऊबाई, मुलं धरून घरात सातजण, आणि गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. यादी लवकरच दोन नावांवर आली, टाटा सफारी आणि महिंद्रा स्कॉर्पिओ-एन. दोन्हींची लांबी ४.६६ मीटरच्या आसपास, रुंदी आरसे सोडून १.९ मीटरहून जास्त. (फाटक आणि गल्लीचं वळण टेप लावून आधी मोजा. आम्ही मोजलं, आरशांसकट.) स्कॉर्पिओ-एन लॅडर फ्रेमवर (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेली बॉडी), फोर-बाय-फोरही (चारही चाकांना ताकद) मिळते, सफारी मोनोकॉक (बॉडी आणि सांगाडा एकच), पुढच्या चाकांवर ओढणारी. क्रॅश टेस्टमध्ये दोघींनाही पाच तारे. कागदावर निवड होणं शक्यच नव्हतं.

एका शोरूमने हवी तशी गाडी लगेच दिली. दुसरीकडे अडलं. मी सांगितलं, यवतेश्वरचा घाट चढायचा आहे, घरच्या सगळ्यांना घेऊन. उत्तर आलं, "मॅडम, डेमो गाडीत तिघेच अलाउड आहेत." मग म्हणे घाटात नेत नाहीत, हायवेला पुढच्या यू-टर्नपर्यंत जाऊन या. आणि हे सगळं माझ्या नवऱ्याकडे बघून: "सर, चालवणार तुम्हीच ना?" पुन्हा गेलो तर डेमो गाडी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे. त्यानंतर गेलो तेव्हा गाडी होती, पण तिसरी रांग पाडून मागे खोके भरलेले. शेवटी मॅनेजर म्हणाले, आधी बुकिंगचे पैसे भरा, मग घाटाचं बघू. पंचवीस लाखांच्या घरातली वस्तू न बघता बुक करायची? मी खुर्चीवरून उठलेच नाही. घाट आणि माणसांचा नियम लेखी द्या म्हटलं. लेखी काही निघालं नाही. त्याच संध्याकाळी कंपनीच्या ग्राहक सेवेला तारीखवार ईमेल केला, आणि मग शोरूममधूनच फोन आला, कधी येता म्हणून!

ईमेल करायचाच असेल तर पहिल्या नकारानंतरच करा, वाट बघत बसू नका. आणि टेस्ट ड्राइव्हच्या फॉर्मवर सही करण्याआधी बारीक अक्षर वाचा. गाडीला काही लागलं तर खर्च कोणाचा, ते तिथेच लिहिलेलं असतं.

घाटाने जे सांगितलं ते शोरूमच्या चकचकीत फरशीवर कधीच कळलं नसतं. सात माणसं म्हणजे चारशे-साडेचारशे किलो. एसी चालू ठेवून चढावर मध्येच गाडी थांबवली आणि पुन्हा उचलली, उतारावर ब्रेक किती दाबावा लागतो ते पाहिलं. माझी उंची पाच फुटांच्या जेमतेम वर, त्यामुळे सीट पूर्ण वर घेऊन बॉनेटची कड दिसते का, हे माझ्यासाठी इंजिनाच्या ताकदीइतकंच महत्त्वाचं होतं. वर पोहोचल्यावर मी स्वतः तिसऱ्या रांगेत बसले आणि नवऱ्याला उतरवत न्यायला सांगितलं. मळमळ, गुडघे, गार हवा, सगळं तिथे कळतं. आम्ही सफारी ठरवली ती मुख्यतः तिसऱ्या रांगेसाठी. तिथे एसीचे वेगळे झरोके आहेत आणि मुलं परतीच्या वाटेवर कुरकुरली नाहीत. चिखलात, शेतरस्त्यावर रोज जायचं असतं तर मी स्कॉर्पिओ-एनचा फोर-बाय-फोर घेतला असता.

सामानाचं मात्र राहिलंच. तिसरी रांग उभी असली की मागे दोन पिशव्यांपुरतीच जागा उरते, तेव्हा बॅगा सोबत नेऊन ठेवून बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर हवेच्या दाबाचा तक्ता असतो. पूर्ण भाराचा आकडा वेगळा असतो, डेमो गाडीत तेवढी हवा भरून घ्या. रोजचं जाणंयेणं चार-पाच किलोमीटरचंच असेल तर डिझेलचा हट्ट नको, एक्झॉस्टमधला डीपीएफ फिल्टर काजळीने तुंबतो.

किमतीचं दरपत्रक ओळीओळीने मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या गाड्यांवरचा सेस जाऊन ४० टक्के जीएसटी राहिला आहे, त्यामुळे त्याआधीचे आकडे चालत नाहीत. महाराष्ट्रात खाजगी डिझेल गाडीचा आरटीओ कर किमतीनुसार १३ ते १५ टक्के, कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. आम्ही बाहेरून घेतला, आणि दरपत्रकातली "हँडलिंग चार्जेस"ची ओळ मी समोर बसून खोडायला लावली.