पट्ट्यांवरून हायक्लियस ओळखू नका

खरिपात तूर, मूग, भेंडी फुलावर आली की काळ्या अंगावर नारिंगी-पिवळे पट्टे असलेले भुंगेरे फुले कुरतडताना दिसतात. आपल्याकडच्या कृषी पुस्तिकांमध्ये यांचे नाव बहुधा ‘मायलॅब्रिस पुस्टुलाटा’ असे असते. वर्गीकरणाच्या नव्या कामात ही जाती (स्पीशीज) हायक्लियस या प्रजातीत (जीनस) धरतात. मायलॅब्रिस ही प्रजाती कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1775 मध्ये मांडली, हायक्लियस लात्रेय याने 1817 मध्ये. दोन्ही मायलॅब्रिनी गटातल्या, म्हणून गोंधळ जुनाच आहे.

आधी कुल पक्के करा. डोके खाली वळलेले, त्यामागे बारीक मान, छातीचा वरचा भाग पंखांच्या बुडापेक्षा अरुंद आणि पंखकवच चामड्यासारखे मऊ. पुढच्या आणि मधल्या पायांच्या पावलांना पाच-पाच खंड, मागच्यांना चार. प्रत्येक नखी उभी चिरून दुहेरी झालेली असते. 10 पट भिंगातून ती स्पष्ट दिसते. एवढे जुळले तर तो मेलॉइडी, म्हणजे फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांच्या, कुलातला. स्पृशा (डोक्यावरच्या मिशा) टोकाकडे जाड होत गेल्या असतील तर मायलॅब्रिनीचा संशय रास्त. याच कुलातल्या एपिकॉटा प्रजातीच्या स्पृशा टोकाला अशा फुगत नाहीत.

खरी अडचण इथून पुढे. एकाच जातीत पट्टे रुंद-अरुंद होतात, तुटतात, एकमेकांना जुळतात, त्यामुळे रंगावर केलेली ओळख टिकत नाही. नमुना उलटा करून सूक्ष्मदर्शकाखाली मध्यवक्षाच्या (छातीच्या मधल्या खंडाच्या) खालच्या कवचाच्या पट्टिका पाहाव्या लागतात. बाजूच्या पट्टिकांच्या पुढच्या कडेजवळची खाच हे हायक्लियस शोधताना तपासायचे मुख्य ठिकाण. जोडीला नराचे जननांग: त्यावरच्या हुकांची जागा आणि आकार निर्णायक ठरतो. सुकलेला नमुना रात्रभर ओलसर बंद डब्यात ठेवून मऊ करा, मगच पोटाचे टोक उघडा. घाई केली तर तुटते. काढलेला भाग 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवला की मांस विरघळते. अधूनमधून बघत राहा, जास्त वेळ राहिला तर नाजूक भाग पारदर्शक होऊन तपशील हरवतो. मग पाण्याने नीट धुवा.

फक्त मादी हाती असेल तर लेबलवर ‘हायक्लियस, जाती अनिश्चित’ लिहिणेच प्रामाणिक. फोटोवरून जातीचे नाव देण्याचा आग्रह मला मान्य नाही.

हाताळताना चिमटाच वापरा. दाबले की पायांच्या सांध्यांतून पिवळसर द्रव निघतो, त्यात कँथॅरिडिन हे फोड आणणारे रसायन असते. त्या वेळी काही जाणवत नाही, फोड काही तासांनी येतो. द्रव लागला तर साबणाने लगेच धुवा आणि तोवर डोळ्यांना हात लावू नका. सुकलेल्या नमुन्यातही हे द्रव्य टिकून राहते.