रोटो करताना डोळे तयार होतात

व्हीएफएक्सची, म्हणजे सिनेमातल्या दृश्य करामतींची डिग्री करतेय म्हटलं की इथे नाशिकमध्ये पहिला प्रश्न, कुठलं सॉफ्टवेअर शिकवतात गं? सॉफ्टवेअर काय, ब्लेंडर नावाचं थ्रीडी सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. खरं शिक्षण रोटोस्कोपीत, म्हणजे रोटोत आहे, शॉटमधला माणूस मागच्या दृश्यापासून वेगळा काढण्यात: सेकंदाला 24 फ्रेम म्हणजे 5 सेकंदांच्या शॉटला 120, आणि प्रत्येकीत माणसाची कड काढत बसायचं, पण त्यातच कळतं की हात जोरात हलला की कड पुसट होते आणि ती पुसटच ठेवायची, नाहीतर माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. आता गोदाघाटावर गेले तरी मी सावल्या कुठे पडल्यात तेच बघते. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके तर कंप्युटर नसताना कॅमेऱ्यातच असल्या करामती करायचे! म्हणून मला मनापासून वाटतं, पहिल्या वर्षी फोटोग्राफी सक्तीची हवी.