मोडेना: जुस्ती घराण्याच्या व्हिनेगरच्या माळ्यावर

उत्तर इटलीतील मोडेना शहराबाहेर, सपाट शेतांच्या मधोमध, जुस्ती घराण्याची वास्तू आहे. १६०५ पासून बाल्सामिक, म्हणजे द्राक्षरसापासून मुरवलेले आंबट-गोड व्हिनेगर करत आलेल्या या घराण्याला १९२९ मध्ये इटलीच्या राजघराण्याचा पुरवठादार हा मान मिळाला आणि आज त्याच्या बाटल्या जगभर जातात. बाटली आपल्याकडेही मिळत असताना इतक्या दूर का जावे, असे कोणी विचारील. चार-पाच युरोंची बाटली आणि शंभरीच्या घरातली बाटली यांत फरक नेमका कशाचा, हे दुकानात कळत नाही; येथे ते जिभेवर कळते.

पाहण्याचा खरा भाग म्हणजे पिंपांच्या ओळी. ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशा निरनिराळ्या लाकडांची, क्रमाने लहान होत जाणारी ही पिंपे परंपरेने घराच्या माळ्यावर ठेवतात, कारण उन्हाळ्याच्या तापाने आतला द्रव आटतो आणि हिवाळ्याच्या गारठ्यात तो निवळतो. सर्वांत लहान पिंपातून थोडेसे काढायचे, त्याची तूट शेजारच्या मोठ्या पिंपातून भरायची आणि शेवटच्या, सर्वांत मोठ्या पिंपात द्राक्षांचा नवा शिजवलेला रस ओतायचा, असा हा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. पिंपाच्या वरच्या चौकोनी तोंडावर कापडाचा तुकडा नुसता पसरलेला असतो; तो किंचित उचलला की आंबट-गोड वास थेट नाकात शिरतो.

चव घेताना हलक्यापासून दाटाकडे जातात. शेवटचा चमचा काकवीसारखा संथ ओघळतो, आणि तो कोशिंबिरीवर ओतणे म्हणजे उधळपट्टीच. पार्मेझान चीजच्या तुकड्यावर किंवा व्हॅनिला आइस्क्रीमवर दोन थेंब पुरतात.

खरेदीपूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जुस्तींच्या बाटल्यांवरील पदके ही त्या घराची स्वतःची प्रतवारी आहे, कायद्याची नव्हे. कायद्याचे शिक्के दोन, दोन्ही उगमस्थान सांगणारे: 'आयजीपी' आणि त्याहून कडक 'डीओपी'. 'आयजीपी' या शिक्क्याच्या व्हिनेगरमध्ये द्राक्षरसात वाइनचे व्हिनेगर मिसळलेले असते आणि ते किमान ६० दिवस लाकडात ठेवले तरी चालते. 'डीओपी' शिक्क्याचे 'त्रादिझ्योनाले' (पारंपरिक) मात्र केवळ शिजवलेल्या रसाचे असते. ते किमान १२ वर्षे मुरते, 'एक्स्ट्राव्हेक्यो' (अति जुने) असेल तर २५ वर्षे, आणि परीक्षकांनी पसंत केल्यावरच जुजारो या रचनाकाराने घडवलेल्या ठरावीक बाटलीत भरले जाते. रोजच्या स्वयंपाकासाठी मधल्या प्रतीचे आयजीपीच घ्यावे, असे माझे मत आहे.

जवळच्या बोलोन्या शहराहून मोडेनाला प्रादेशिक रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते. पुढे टॅक्सी करावी. भेटीची वेळ आधी आरक्षित करणे आवश्यक आहे. द्राक्षांचा हंगाम पाहायचा असल्यास सप्टेंबर उत्तम. हातात वेळ असेल तर स्पिलाम्बेर्तो गावातील बाल्सामिकचे संग्रहालयही पाहावे. शाकाहारी मंडळींना व्हिनेगरची अडचण नाही, परंतु सोबत दिले जाणारे पार्मेझान वासराच्या जठरातील रेनेटने विरजलेले असते, हे आधीच जाणून असावे. त्रादिझ्योनालेची बाटली १०० मिलिलिटरची असल्याने ती विमानात हातातल्या सामानातून नेता येते. २५० मिलिलिटरच्या बाटल्या मात्र कपड्यांत नीट गुंडाळून मोठ्या बॅगेतच टाकाव्यात.