फलटणचा दुसरा दिवस : वारीतल्या विसाव्याचं काय करायचं

तरडगाव सोडलं की काळज, सुरवडी, निंभोरे, वडजल असे विसावे घेत माउलींची पालखी संध्याकाळच्या सुमारास फलटणात शिरते. अंतर वीस-एकवीस किलोमीटरच, पण सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा पट्टा पर्जन्यछायेतला. आषाढ लागला तरी ऊन भाजून काढतं. पालखी मार्ग रुंद झाला आणि त्यात जुनी झाडं गेली. टोपी-उपरणं पिशवीच्या तळाशी ठेवू नका, हाताशी असू द्या.

यंदा फलटणला दोन मुक्काम होते. हे दरवर्षी नसतं. पुणे आणि सासवडला दोन-दोन मुक्काम ठरलेलेच. लोणंद आणि फलटणला एक की दोन, हे तिथीच्या वाढ-घटीवर ठरतं. सोहळ्याचं वेळापत्रक खूप आधी जाहीर होतं, ते बघूनच रजा टाका.

तळ गावाबाहेर विमानतळाच्या मैदानावर. जागा ऐसपैस असली तरी जमीन काळी आहे, एक सर आली की चपला हातात घ्याव्या लागतात. तंबूत झोपणार असाल तर खाली प्लास्टिकचा जाड कागद हवाच. आल्या संध्याकाळी कितीही पाय दुखोत, समाजआरती चुकवू नका. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदारांनी दंड उंचावला की एवढा समाज क्षणात गप्प होतो. एखाद्या दिंडीचे टाळ तरीही वाजत राहिले, तर समजायचं की त्यांची काही तक्रार आहे. चोपदार तिथं जाऊन ती ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्याची यादी पुकारतात. यंदा त्यात चष्मा, आधार कार्ड, पितळी तांब्या आणि फक्त डाव्या पायातली एक चप्पल होती. आमच्या शेजारच्या आजींचा जीव चष्म्यात अडकला होता, तो मिळाला. चपलेला मात्र कुणी धनी नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकडा असतोच, त्यामुळे उशिरापर्यंत झोपण्याचा बेत मनातून काढा. आधी पायांचं बघायचं. तळावर आणि गावात डॉक्टरांची मोफत पथकं असतात. सकाळी लवकर गेलात तर रांग आटोपशीर मिळते. फोडात सुई-दोरा ओवून ठेवायची जुनी रीत आजही दिसते. करू नका, त्यातून पू होतो. फोड फुटला असेल तर धुऊन, औषध लावून, कोरडी पट्टी. वरची कातडी ओढून काढायची नाही. मधुमेह असणाऱ्यांनी साधं खरचटलं तरी डॉक्टरांना दाखवावं. तेल लावून पाय चोळून देणारी सेवेकरी मंडळीही भेटतात. पोटऱ्यांना चोळून घ्या, फोडाजवळ तेल नको.

मग कपडे. दहाच्या आत धुतले तर दुपारपर्यंत वाळतात. कुंपणावर, ट्रकच्या फाळक्यावर, तंबूच्या दोऱ्यांवर धोतरं आणि नऊवाऱ्या पसरलेल्या असतात. आपल्या कपड्याला रंगीत दोऱ्याची खूण बांधा, पांढऱ्यात पांढरं ओळखू येत नाही. आंघोळीला टँकरवर गर्दी होते. फलटणकर मात्र दारात उभे राहून बोलावतात, ‘माउली, पाणी तापलंय, या.’ संकोच करू नका. कित्येक घरांत पिढ्यानपिढ्या त्याच दिंडीचा पाहुणचार चालत आलाय. बायकांनी शौचालयासाठी काकड्याच्याही आधी उठावं, नंतरच्या रांगेत तास जातो.

गाव बघायला चारनंतर निघा. सगळं बघायचा हट्ट नको. आदल्या दिवशी वीस किलोमीटर आणि उद्या बरडपर्यंत पुन्हा जवळपास तेवढंच आहे. श्रीराम मंदिर, शेजारचा राजवाडा आणि जबरेश्वर ही तीन ठिकाणं जवळजवळ आहेत, तेवढी पुरे. पालखी गावात येते तेव्हा श्रीराम मंदिरापाशी फलटणच्या निंबाळकर राजघराण्याकडून स्वागत होतं, पण त्या गर्दीत मंदिर दिसत नाही. दुसऱ्या दिवशी निवांत बसता येतं. जबरेश्वराच्या दगडी भिंतींवरचं कोरीव काम तिरप्या उन्हात उठून दिसतं, म्हणून चारनंतरची वेळ सांगितली. ज्ञानेश्वरीचे अभ्यासक उपळेकर महाराज यांची समाधीही गावातच आहे. ज्ञानेश्वरीची आवड असलेले वारकरी तिकडे जातातच.

फलटण म्हणजे सईबाईंचं माहेर. शिवाजी महाराजांशी त्यांचं लग्न 1640 साली झालं. संभाजी महाराज त्यांचेच पुत्र. सईबाईंचे भाऊ बजाजी निंबाळकर विजापूरच्या दबावानं मुसलमान झाले होते, त्यांना जिजाऊंच्या पुढाकारानं परत धर्मात घेतलं गेलं, आणि पुढं बजाजींच्या मुलाला, महादजींना, महाराजांनी आपली लेक सखुबाई दिली. गावात हे सांगणारा एखादा फलक दिसला तर बरं वाटलं असतं. आम्ही गेलो त्या वाटेवर स्वागताच्या फ्लेक्सांना तोटा नव्हता. आणि वारीला आजचं शिस्तीचं रूप देणारे हैबतबाबाही याच जिल्ह्यातल्या आरफळचे, हे सातारकरांनाच बऱ्याचदा ठाऊक नसतं.

बाजारात जाणार असाल तर नोटा आधीच जवळ ठेवा, मुक्कामाच्या दिवशी एटीएम लवकर रिकामी होतात. मोबाइल चार्जिंगला दुकानात देताना तिथंच थांबा किंवा पॉवर बँक न्या. आमच्या दिंडीनं शिधा, गॅस सगळं इथंच भरून घेतलं.

रात्री हरिपाठ आणि जेवण झालं की वळकटी बांधूनच झोपा. दिंडीच्या सामानाचा ट्रक पहाटे पुढं निघतो, तो कुणासाठी थांबत नाही. बरडच्या वाटेवर विडणी, पिंप्रद लागतात. दिवसभर बसून पोटऱ्या आखडलेल्या असतात, म्हणून पहिले दोन किलोमीटर सावकाश काढा.

इथूनच वारीत सामील व्हायचं असेल तर सातारा, पुणे, बारामतीहून एसटी आहे. लोणंदकडून रेल्वेही आलीय. पालखी असताना वाहतूक वळवलेली असते, गाडी गावाबाहेरच सोडते आणि तळापर्यंत चालावं लागतं. दिंडीत आधी बोलून ठेवा, भिशी म्हणजे दिंडीतल्या जेवणा-राहण्याची वर्गणी भरा, दिंडीचा क्रमांक आणि ती रथापुढची की रथामागची हे कागदावर लिहून खिशात ठेवा. त्या गर्दीत फोन लागत नाही.