बे नंबर सहाचा सीटी आणि एक रविवार

बे नंबर सहाचा, म्हणजे उपकेंद्रातल्या एका लाइनच्या कप्प्यातला, बी-फेजचा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, लाइनमधला प्रवाह मोजायचं उपकरण) माझ्याहून दोन वर्षांनी थोरला. आर, वाय, बी अशा तीन फेज, प्रत्येकीला एक सीटी. नेमप्लेटवर १९८९ कोरलंय. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या आमच्या २२० केव्ही उपकेंद्रात मी टेस्टिंगला आले, तेव्हा यार्डातली निम्मी उपकरणं याच वयाची होती आणि त्यांच्याबद्दल दोनच मतं कानावर यायची. हिशेबवाले म्हणायचे, केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या नियमांत उपकेंद्राचं आयुष्य २५ वर्षं, म्हणजे हे कधीच संपलं. आमचे ऑपरेटर काका म्हणायचे, "मॅडम, चालतंय ना? मग हात लावू नका."

सीटी म्हणजे पोर्सेलीनचा उभा खांब, आत तेल आणि तेलात भिजलेल्या कागदाचे थर. हा कागद ओलावा धरायला लागला की त्याचं म्हातारपण टॅन डेल्टाच्या, म्हणजे कागदात उष्णता होऊन वाया जाणाऱ्या विजेच्या, आकड्यात दिसतं; आकडा मोठा तितकी अवस्था वाईट. थर्मल कॅमेरा सैल झालेला क्लॅम्प पकडतो, कागदाचं दुखणं त्याला सहसा दिसत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अर्ध्या दिवसाचं आउटेज (बे बंद ठेवायची परवानगी) मिळालं तेव्हा मी सकाळी आठलाच किट लावला आणि बी-फेजचा आकडा आला १.१ टक्के. पोटात गोळाच आला. मग लक्षात आलं, खाडीकडून आलेलं दव आणि कारखान्यांची काजळी, दोन्ही पोर्सेलीनवर बसलेलं. कोरड्या फडक्यानं खांब वरपासून खालपर्यंत पुसून घेतला, ऊन चढू दिलं, एक वाजता पुन्हा १० केव्ही लावून मोजलं. ०.८१. हा मात्र खरा होता.

नुसत्या ०.८१ नं मी इतकी धावले नसते. २०१९ ला हाच सीटी ०.३४ होता, २०२१ ला ०.४६. आम्ही ०.७ च्या वर गेला की काढतो, पण मला भीती होती ती चढाच्या वेगाची. अशा सीटीत गॅस साठत जातो आणि एक दिवस तो फुटतो. पोर्सेलीनचे सुऱ्यासारखे तुकडे दूरवर उडतात, वर तेलाला आग. दुसऱ्या दिवशी आम्ही बे सहाभोवती दोरी बांधली आणि काकांनी त्या बाजूची फेरी बंद केली.

वाद झाला तो एक बदलायचा की तिन्ही. आर-फेज ०.५८ वर होता, वाय-फेज ०.३९ वर; वय तेच, कंपनी तीच, लॉटही तोच. साहेबांचं म्हणणं, चांगला वाय-फेज कशाला काढता? तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच होते. माझं म्हणणं एवढंच, की सीटी मिळतो, आउटेज मिळत नाही. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राची परवानगी लागते, आणि इथं एक बे काढला की उरलेल्या लाइनवर ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांचा, रेल्वेचा, सगळ्यांचा भार. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली, ते कोण विसरलंय? तिन्ही मंजूर झाले. आउटेज मात्र दोनदा ठरून रद्द झालं, दुसऱ्यांदा तर हायड्रा क्रेन गेटवर उभी असताना. फेब्रुवारीतला एक रविवार मिळाला, सात ते सहा.

नव्या सीटीच्या तळाची भोकं जुन्या स्ट्रक्चरशी जुळत नाहीत, हे सुदैवानं मी आधीच टेप लावून पाहिलं होतं. रबाळ्यातल्या एका वर्कशॉपमधून अ‍ॅडॉप्टर प्लेटा करून घेतल्या. कामाचं परमिट, उरलेली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड, दोन्ही बाजूंना अर्थिंग. शेजारचा बे चालूच, त्यामुळे हायड्राच्या बूमपासून ४.३ मीटरचं अंतर राखायला एक माणूस फक्त शिट्टी घेऊन उभा.

दोन वाजता तिन्ही बसले. सगळे जेवायला निघाले आणि मी सीटींची दिशा तपासायला ९ व्होल्टची बॅटरी काढली. बॅटरीचं प्लस बसच्या (सगळे बे जोडलेल्या सामाईक वाहकाच्या) बाजूला टेकवलं की गॅल्व्हनोमीटरचा काटा पुढे जायला हवा. आरचा गेला, वायचा गेला, बीचा मागे आला. तारा उलट्या असतील म्हणून तपासल्या, ठीक होत्या. मग वर पाहिलं तर सीटीच उलटा बसवला होता, पी-वन, म्हणजे बसकडे असायला हवं ते टोक, लाइनकडे. टर्मिनल बॉक्स रस्त्याच्या बाजूला यावा म्हणून कुणीतरी तो फिरवून ठेवला होता. तसाच चार्ज झाला असता, तर भार चढताच बसबार प्रोटेक्शनला, म्हणजे बसवर बिघाड दिसला की ती तोडणाऱ्या यंत्रणेला, आत बिघाड झालाय असं वाटून अख्खी बस बंद पडली असती. हायड्रावाला चिडला, पण सीटी पुन्हा उचलून फिरवावा लागला. फिटर म्हणाला, आतल्या तारांची अदलाबदल करू, पाच मिनिटांचं काम. मी नाही म्हटलं. दहा वर्षांनी ड्रॉइंग हातात घेऊन येणाऱ्याला ती अदलाबदल कोण सांगणार?

५:४० ला बे चार्ज झाला. नव्या तिघांचे आकडे ०.२७, ०.२८, ०.२७, मी टेस्टिंग रजिस्टरमध्ये लिहिले, तारीख आणि तापमानासकट.

जुने तिघे शेडजवळ आडव्या ठोकळ्यांवर ठेवले होते. सोमवारी गेले तर वाय-फेजच्या टाकीवर खडूनं लिहिलेलं, अक्षर काकांचं: "हा चांगला आहे, भंगारात देऊ नये."