रबाळ्यातला गप्प स्विच

रबाळे एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कंपनीत मी नेटवर्क बघतो. बावीस स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे डबे), एक फायरवॉल, तीन यूपीएस. आमच्याकडे मॉनिटरिंग म्हणजे काय, तर डिस्पॅचचा फोन आला की समजायचं, काहीतरी बंद पडलंय. गेल्या पावसाळ्यात मालकांनी विचारलंच, "अरे, त्यांच्याआधी तुला कळायला नको का?" मग एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं आणि लिब्रेएनएमएस हे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं. फुकटचं आहे, त्यामुळे मंजुरीही लगेच मिळाली.

हे सगळं चालतं एसएनएमपीवर. नेटवर्कच्या उपकरणांची विचारपूस करायचा, १९८८ पासूनचा प्रोटोकॉल. प्रत्येक स्विचमध्ये एजंट नावाचा छोटा प्रोग्राम असतो. सर्व्हर, म्हणजे माझा तो डेस्कटॉप, त्याला यूडीपीच्या १६१ पोर्टवर प्रश्न विचारतो, तो आकडा सांगतो. प्रश्नही नंबरातच. १.३.६.१.२.१.१.३.० म्हणजे 'तू कधीपासून चालू आहेस?' या नंबराला ओआयडी म्हणतात. ओआयडी हा गट नंबर धरला, तर त्या नंबरावर नक्की काय आहे हे सांगणारा सातबारा म्हणजे एमआयबी.

एकवीस स्विच दुपारच्या चहाच्या आत जोडून झाले. राहिला तो नेमका कोअर स्विच, म्हणजे मधला मुख्य. पिंग जातंय, म्हणजे स्विच जागा आहे, पण एसएनएमपीला 'टाइमआउट'. दोन दिवस मी त्याच्यामागे होतो. कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डच तो, पुन्हा टाइप करून पाहिली. एसएनएमपीचं व्हर्जन २सी काढून व्हर्जन १ लावलं. केबलसुद्धा बदलली, जिचा काही संबंध नव्हता.

आधीच माहीत असतं तर हे दोन दिवस वाचले असते: पासवर्ड चुकला तर एजंट 'चुकला' असं सांगत नाही, तो गप्प बसतो. एजंट बंद असेल, मध्ये कोणी पॅकेट अडवत असेल, तरीही तीच शांतता. तीन वेगळे रोग, लक्षण एकच. टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावला तर माझा प्रश्न बाहेर जाताना दिसायचा, परत काहीच येत नव्हतं. शेवटी कन्सोल केबल घेऊन रॅकपुढे फरशीवर बसलो आणि कॉन्फिगरेशन ओळीओळीने वाचलं. माझ्या आधीच्या अ‍ॅडमिनने (भला माणूस, काळजी घेणारा) तिथे अ‍ॅक्सेस लिस्ट लावली होती. उत्तर फक्त एकाच आयपीला द्यायचं, आणि तो आयपी ज्या मशीनचा होता ते कधीच भंगारात गेलं होतं. माझा आयपी घातला, पुढच्या सेकंदाला स्विच बोलू लागला.

आठवड्याने दुसरी गंमत. रात्री अकराला बॅकअप सुरू होतो, तेव्हा एक गिगाबिटची (१००० एमबीपीएस) लिंक भरून वाहायला हवी. ग्राफ मात्र काही केल्या ११४ एमबीपीएसच्या वर जाईना. आधी मी बॅकअपवरच संशय घेतला. घोळ निघाला त्या व्हर्जन १ मध्ये, वैतागून लावलेलं मी परत बदललंच नव्हतं. त्यात ६४ बिटचा काउंटर, म्हणजे लिंकवरून गेलेला डेटा मोजणारा आकडा, नसतो. ३२ बिटचा काउंटर सुमारे ४.२९ जीबीला भरतो आणि पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. भरलेल्या गिगाबिट लिंकवर हे दर ३४ सेकंदांनी होतं आणि माझा सर्व्हर विचारायला येतो पाच मिनिटांनी. रिक्षाचं मीटर मधल्या वेळात आठ वेळा शून्यावर गेलं तर भाडं काय कळणार! पाच मिनिटांत जास्तीत जास्त ४.२९ जीबी दिसणार, म्हणजेच ते ११४. व्हर्जन २सी लावलं आणि त्याच रात्री ग्राफ छताला टेकला.

टीसीपीडंपमध्ये आणखी एक दिसलं होतं: कम्युनिटी स्ट्रिंग उघडी, वाचता येईल अशी जात होती. म्हणून जमतील ते स्विच व्हर्जन ३ वर नेले, युजर, पासवर्ड आणि एन्क्रिप्शनसकट. तीन म्हातारे स्विच ते मानत नाहीत, त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवलंय.

यूपीएसचं मात्र उलट हवं होतं. लाइट गेली की त्याने न विचारता सांगायला हवं. याला ट्रॅप म्हणतात, तो १६२ पोर्टवर येतो. सेटिंग केलं, चाचणीचा ट्रॅप आला, मी खूश. मग एका संध्याकाळी खरोखर लाइट गेली आणि कळवलं कोणी? डिस्पॅचने. ट्रॅप पाठवणारा पोच मागत नाही, पोचला नाही तर त्याला पत्ताही नसतो. यूपीएस आणि सर्व्हर यांच्यामधला पाच पोर्टचा छोटा स्विच कोणीतरी भिंतीतल्या साध्या सॉकेटला लावला होता. निरोप निघाला तेव्हा निरोप्याच बंद पडलेला.

त्याचा प्लग आता यूपीएसवर आहे. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा मी ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर उभा होतो. मोबाइलवर अलर्ट आला. तो वाचतोय तोवर डिस्पॅचचा फोन.