तुम्ही विचारलंत म्हणून: सामुराईंचं ॲनिमे बघायचं तर कुठलं?

“ॲनिमे बघायचंय, पण नुसती तलवारबाजी नको. काय बघू?” असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: २०२१ सालची ‘द हेइके स्टोरी’ ही जपानी ॲनिमेशन मालिका.

सामुराईंची मालिका, एवढंच ऐकून मी ती लावली होती. रक्ताच्या चिळकांड्या, गर्जना, एकटा शंभरांना भारी, असंच काहीतरी असणार असं वाटलं होतं. निघालं भलतंच. बाराव्या शतकात जपानच्या तेव्हाच्या राजधानीत, क्योतोमध्ये, ज्या तैरा घराण्याचा (हेइके म्हणजे हेच घराणं) शब्द खाली पडत नव्हता, ते कसं धुळीला मिळालं त्याची ही गोष्ट; आणि ती सांगितलीय हरणाऱ्यांच्या घरात बसून.

सांगणारी बिवा नावाची पोर. तैरांच्याच माणसांनी तिच्या बापाला मारलेलं, आणि तैरांच्या प्रमुखाचाच थोरला मुलगा शिगेमोरी तिला घरी ठेवून घेतो. तिच्या एका डोळ्याला पुढचं दिसतं, पण टाळता काहीच येत नाही. त्यामुळे त्या घरातली मुलं हसताना-भांडताना बघूनही पोटात गोळा येतो.

त्यांतला कोरेमोरी सुंदर नाचणारा, स्वभावानं भित्रा. ११८० मध्ये फुजी नदीवरच्या मोहिमेचं सेनापतिपद त्याच्याच गळ्यात पडतं. रात्री पाणपक्ष्यांचा थवा फडफडत उठतो, शत्रू चालून आला असं वाटतं, आणि अख्खी फौज न लढताच पळत सुटते. नुसतं ऐकलं तर हसू येईल. पण तोवर आपण त्याला लहानपणापासून ओळखत असतो.

आणि शिगेमोरीची बहीण तोकुको! बापाच्या राजकारणापायी सम्राटाला दिलेली मुलगी, बालसम्राट अंतोकुची आई. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या सागरी लढाईत तिची आई नातवाला घेऊन समुद्रात उडी घेते. तोकुकोला मात्र शत्रू पाण्यातून बाहेर काढतात, आणि पुढे ती ओहाराच्या जाक्को-इन मठात भिक्षुणी होऊन जगते. युद्धकथांमध्ये बायका बहुतेक रडण्यापुरत्याच असतात. इथे दिग्दर्शिका नाओको यामादा यांनी कथेचा सगळा भार तिच्यावर टाकलाय, आणि ती तो पेलते. मालिका मला मोठी वाटते ती यासाठी.

मालिका ज्या जुन्या जपानी आख्यानावर बेतलीय, त्याची सुरुवात होते आपल्याकडच्या श्रावस्तीतल्या जेतवन या बौद्ध विहाराच्या घंटेनं आणि शालवृक्षाच्या फुलांनी. हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

भाग अकराच आहेत. सुरुवातीला नावांचा गोंधळ उडेल, कागदावर वंशावळ काढून जवळ ठेवा. आणि आवाज जपानीच ठेवा. आओइ युकी यांनी बिवाच्या तोंडून म्हटलेलं आख्यान त्याच भाषेत ऐकायला हवं.